लांबलेले फेफरे आणि मेंदूस होणारी इजा

आम्ही धान्याचे घाऊक व्यापारी. शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे, आणि आयुष्य गेले ते बेळगावच्या रविवार पेठेत पोती मोजण्यात व भाव ठरविण्यात. तेव्हा वैद्यकाच्या विषयावर लेखणी उचलण्याचा आमचा अधिकार काय, असे कोणी सुज्ञ वाचकाने विचारल्यास ते गैर म्हणता येणार नाही. मागे ह्याच स्मरणिकेत आम्ही गोदामातील किडीवर चार पाने खरडली होती. तो आमचा प्रांत होता. आजचा विषय आमच्या घरात घडलेल्या एका गोष्टीमुळे आम्हांस शिकावा लागला. डॉक्टरांना वारंवार त्रास देऊन, त्यांनी दिलेले वाचून, न समजलेले पुन्हा विचारून जे पदरात पडले तेच येथे मांडीत आहोत. आमच्या सभासद बंधूंपैकी अनेकांच्या घरी हा आजार आहे, आणि तो झाकून ठेवण्याची रीतही आहे, हे आम्ही जाणून आहोत.

फेफरे, आकडी, मिरगी, फीट, अपस्मार ही सारी एकाच व्याधीची नावे. मेंदूतील मज्जापेशी विजेच्या अतिसूक्ष्म लहरींनी एकमेकींस निरोप धाडीत असतात. हे काम पाळीपाळीने चालते. एक बोलते, दुसरी ऐकते, तिसरी गप्प राहते. फेफऱ्यात काय होते, तर लिलावाच्या वेळी सारेच दलाल एकदम ओरडू लागावेत तसे होते. असंख्य पेशी एकाच तालात पेटतात, शरीर ताठ होते, झटके येतात, शुद्ध हरपते. मेंदूत जसे उत्तेजन देणारे ग्लुटामेट नावाचे द्रव्य आहे, तसेच आवर घालणारे गाबा नावाचे द्रव्यही आहे. बहुतेक वेळी हा आवर आपले काम करतो व एक ते तीन मिनिटांत झटके आपोआप थांबतात. अशा छोट्या फेफऱ्याने मेंदूस कायमची इजा होते असे समजण्याचे कारण नाही. लहान मुलांना तापात येणारी थोड्या वेळाची आकडीही, पाहणाऱ्याचे काळीज कितीही हलवो, बहुतांशी काही मागे न ठेवता जाते.

प्रश्न आहे तो न थांबणाऱ्या फेफऱ्याचा, किंवा एकामागून एक येणाऱ्या अशा फेफऱ्यांचा की ज्यांच्या दरम्यान रोगी शुद्धीवरच येत नाही.

आमचा पुतण्या चौदाव्या वर्षापासून ह्या व्याधीने ग्रस्त होता. सकाळी एक, रात्री एक अशा गोळ्या चालू होत्या आणि तीन वर्षांत एकदाही फेफरे आले नव्हते. मुलगा हुशार. पेढीवर बसू लागल्यापासून दीडशेवर खातेदारांच्या बाक्या त्यास तोंडपाठ झाल्या होत्या. दिवाणजी खतावणी उघडण्याआधी तो आकडा सांगून मोकळा होई. सन २०११ च्या भाद्रपदात, वयाच्या सव्विसाव्या वर्षी, त्याने दशलक्षण पर्वात दहाही दिवस व्रत करण्याचे मनात घेतले. प्रथम एकाशन, पाणीही एकदाच. त्यामुळे सूर्यास्तानंतरची गोळी सुटली. शेवटचे दिवस निर्जळ उपवास, म्हणून सकाळचीही सुटली. हे आम्हांस ठाऊक होते. ठाऊक असून आम्ही गप्प राहिलो, इतकेच नव्हे, तर मंदिरात चार लोकांनी कौतुक केले तेव्हा आम्हांस समाधान वाटले. हे लिहिताना संकोच होतो. परंतु लिहिले नाही तर पुढील मजकुरास अर्थ राहणार नाही.

त्रयोदशीच्या सकाळी त्यास फेफरे आले. घरात जे होते तेच झाले. कोणी कांदा फोडून नाकाशी धरला, कोणी किल्ल्यांचा जुडगा मुठीत कोंबला, कोणी दातांत चमचा घालण्याची खटपट केली. पूर्वी थांबे तसे आताही थांबेल, असे म्हणत आम्ही उभे राहिलो. एक थांबले, शुद्ध आली नाही, दुसरे आले, मग तिसरे. घड्याळाकडे एकानेही पाहिले नाही. पुढे हिशेब जुळविला तेव्हा गाडी दारातून निघेपर्यंत पाऊण तास गेला होता असे दिसले. जवळच्या एका दवाखान्यात सोय नव्हती. त्यांनी पुढे पाठविले. वाटेत हातापायांचे झटके मंदावले, केवळ पापणी व ओठाचा एक कोपरा फडफडत राहिला. वहिनी म्हणाल्या, "भावजी, झोप लागली हो त्याला." आम्हांसही तसेच वाटले व आम्ही चालकास हळू हाकण्यास सांगितले.

झोप लागली नव्हती. इस्पितळात मेंदूच्या विद्युतलहरींचा आलेख काढला तेव्हा वादळ आत तसेच चालू असल्याचे दिसले. स्नायू थकतात, निरोप नेणाऱ्या वाटा थकतात, म्हणून बाहेर शांत दिसते. अमेरिकेतील रिचमंड येथे १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, बाहेरचे झटके औषधाने थांबलेल्या १६४ रुग्णांचे आलेख सतत पाहण्यात आले. त्यांपैकी १४ टक्के रुग्णांच्या मेंदूत अखंड फेफरे चालूच होते. झटके मंदावले आणि शुद्ध आली नाही, तर त्यास आराम समजू नये, हे आम्ही त्या दिवशी शिकलो. शिकलो ते उशिरा.

आता इजा कशी होते ते पाहू. ह्या विषयात वैद्यांमध्येही फार काळ वाद होता. पॅरिसमधील बूशे व काझोव्हिये ह्या दोघांनी १८२५ सालीच अपस्माराने मेलेल्या रुग्णांच्या मेंदूतील एक विशिष्ट भाग कठीण व आक्रसलेला असल्याची नोंद केली होती. १८८० साली सोमर नावाच्या जर्मन वैद्याने त्याच भागातील नेमका कोणता पट्टा पेशीरहित होतो हे दाखविले. हा भाग कानशिलाच्या आत खोलवर, डावीकडे एक व उजवीकडे एक असा असतो. त्याचा आकार समुद्रघोडा ह्या माशासारखा म्हणून त्यास हिपोकॅम्पस असे ग्रीक नाव पडले. परंतु हा भाग खराब झाल्यामुळे फेफरे येतात, की फेफऱ्यांमुळे हा भाग खराब होतो? आणि फेफऱ्यांमुळे होत असेल, तर श्वास कोंडून प्राणवायू कमी पडल्यामुळे, की दुसऱ्या कशामुळे?

ह्याचे पुष्कळसे उत्तर १९७३ साली मिळाले. इंग्लंडमधील ब्रायन मेल्ड्रम व त्यांचे सहकारी यांनी बबून जातीच्या माकडांना औषधाने दीर्घ फेफरे आणली. जीवदयेच्या संस्कारात वाढलेल्या आम्हांस ते वाचताना सुख झाले नाही, आणि वाचकांसही होणार नाही. तथापि त्यातून जे कळले त्याचा लाभ आज प्रत्येक रुग्णास मिळतो, म्हणून ते सांगणे प्राप्त आहे. सुमारे दीड तासापासून पाच तासांपर्यंत फेफरे चाललेल्या प्राण्यांच्या मेंदूत पेशी मेलेल्या आढळल्या. मग त्यांनी दुसऱ्या प्राण्यांचे स्नायू औषधाने शिथिल करून, यंत्राने श्वास देऊन, प्राणवायू, रक्तदाब व ताप सांभाळून तोच प्रयोग केला. झटके नाहीत, गुदमरणे नाही. केवळ मेंदूत फेफरे. हानी कमी झाली. लहान मेंदू पुष्कळ अंशी बचावला. परंतु हिपोकॅम्पस बचावला नाही.

आमच्या धंद्यातील बंधूंना हे चटकन कळेल. ओलसर राहिलेली पोती गोदामात दाबून रचली की ती तापू लागतात. बाहेरून कोणी आग लावीत नाही. धान्याचा स्वतःचा श्वासोच्छ्वास, बुरशी व कीड हीच आतून उष्णता निर्माण करतात, आणि वरचे पोते थंड लागत असताना मधले काळे पडलेले असते. लांबलेल्या फेफऱ्यात मेंदूची गत काहीशी अशीच होते. अति काम हेच तेथे विष ठरते.

पेशी पुनःपुन्हा पेटते तेव्हा ग्लुटामेट बेसुमार सांडते. त्यामुळे पुढील पेशीची दारे उघडी राहतात व त्यांतून कॅल्शियम आत घुसते. थोडे कॅल्शियम पेशीस हवेच असते. फार झाले म्हणजे पेशीतील पाचक द्रव्ये चेकाळून तिचेच शरीर खाऊ लागतात, आणि तिला शक्ती पुरविणाऱ्या सूक्ष्म भट्ट्या बंद पडतात. काही पेशी तासांत मरतात, काही पुढे कित्येक दिवस मरत राहतात. ग्लुटामेटच्या अतिरेकाने मज्जापेशी मरतात हे अमेरिकेतील जॉन ओल्नी यांनी १९६९ साली नवजात उंदरांवर दाखविले होते. येथे एक अवांतर गोष्ट सांगण्याचा मोह आवरत नाही. तूरडाळीत भेसळ म्हणून जी लाखेची, म्हणजे खेसारीची डाळ मिसळली जाई आणि जिच्या महिनोन्‌महिने सेवनाने गरिबांचे पाय लुळे पडत, तिच्यातील विषही ग्लुटामेटच्याच घडणीचे असून मज्जापेशींना अति उत्तेजित करूनच ते घात करते, असे शास्त्रज्ञ मानतात. ज्या पेढीवर लाखेची डाळ ओळखण्यासाठी आम्ही दाणा दाणा निरखीत बसलो, त्याच पेढीच्या माडीवर त्या विषाचा भाऊबंद एका मुलाच्या डोक्यात काम करीत होता.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. आवर घालणारे गाबा ज्या कुलपांत बसून काम करते, ती कुलपे फेफरे लांबले की पेशीच्या पृष्ठभागावरून आत ओढली जातात. उंदरांवरील एका प्रयोगात तासाभरात ती निम्म्यावर आल्याचे दिसले. उलट ग्लुटामेटची कुलपे पृष्ठभागावर वाढतात. म्हणजे फेफरे जितके लांबेल तितके त्यास थांबविण्याचे सामर्थ्य मेंदूत कमी होत जाते. डायझेपाम, लोराझेपाम, मिडाझोलाम ही फेफरे थांबविणारी पहिली औषधे याच गाबाच्या कुलपांवर बसून काम करतात. कुलूपच नसेल तर किल्ली कशात फिरवावी? पाच मिनिटांनी दिलेले औषध आणि पाऊण तासाने दिलेले तेच औषध ही दोन निराळी औषधे आहेत, असे आम्हांस डॉक्टरांनी सांगितले, ते याच अर्थाने.

शरीराचेही तसेच. प्रारंभी रक्तदाब चढतो, हृदय जोराने चालते, मेंदूकडे अधिक रक्त जाते. वाढलेला खर्च भागविला जातो. सुमारे अर्ध्या तासानंतर ही रसद तुटू लागते. रक्तदाब उतरतो, ताप चढतो, रक्तातील साखर घटू शकते, आम्लता वाढते. मेंदूची मागणी मात्र तीच राहते. आतली आग आणि बाहेरची टंचाई अशी दुहेरी मार मग बसते.

म्हणूनच पूर्वीच्या ग्रंथांत अर्धा तास फेफरे चालले म्हणजे तो दीर्घ अपस्मार, अशी व्याख्या असे. तिच्या जागी पाच मिनिटांची मर्यादा धरावी असे १९९९ साली अमेरिकेतील तज्ज्ञांनी सुचविले. अपस्माराच्या आंतरराष्ट्रीय संघाने २०१५ साली दोन्ही आकडे नीट मांडले. सर्वांगास झटके देणारे फेफरे पाच मिनिटांपुढे गेले की ते आपोआप थांबण्याचा संभव कमी, म्हणून तेथे उपचार सुरू व्हावयास हवेत. आणि तीस मिनिटांपुढे गेले की कायमच्या इजेचा धोका. मधली पंचवीस मिनिटे ही आपल्या हातातील मुदत. ह्या मुदतीत काय करता येते याचे प्रमाण २०१२ साली अमेरिकेत ८९३ रुग्णांवर झालेल्या चाचणीने दिले. रुग्णवाहिकेतील सेवकांनी मांडीत टोचलेल्या मिडाझोलामने ७३ टक्के रुग्णांचे फेफरे इस्पितळात पोहोचण्यापूर्वी थांबले. शिरेतून दिलेल्या लोराझेपामने ६३ टक्के. हलत्या माणसाची शीर शोधण्यात जो वेळ जातो तो मांडीत टोचल्याने वाचला. फरक त्या वेळेचा होता.

आमच्या पुतण्यास पहिले इंजेक्शन मिळाले ते सव्वा तासाने. अकरा दिवस तो अतिदक्षता विभागात होता.

तो वाचला, चालू लागला, बोलू लागला. स्वभाव तोच, हसणे तेच. घरी आल्यावर आम्ही पेढे वाटले. नंतर हळूहळू लक्षात येऊ लागले. हिपोकॅम्पस मेंदूत जे काम करतो ते आमच्या भाषेत सांगावयाचे तर रोजकीर्दीवरून खतावणी करण्याचे. दिवसभर जे घडले ते कायमच्या खात्यात उतरविणे हे त्याचे काम. हेन्री मोलेसन नावाच्या एका अमेरिकन गृहस्थाच्या मेंदूतील दोन्ही बाजूंचा हा भाग, त्यांचे फेफरे आवरेना म्हणून, १९५३ साली शस्त्रक्रियेने काढला गेला. फेफरे कमी झाली. परंतु त्यानंतर २००८ साली मृत्यू येईपर्यंत त्यांस नवे असे जवळजवळ काहीच लक्षात ठेवता आले नाही. बालपण आठवे, अर्ध्या तासापूर्वी भेटलेला मनुष्य आठवत नसे. त्यांच्यावर ब्रेंडा मिल्नर यांनी केलेल्या अभ्यासातून स्मृतीचे हे शास्त्र उभे राहिले. आमच्या पुतण्याची स्थिती इतकी बिकट नाही, त्याच्या हिपोकॅम्पसची हानी अपुरी आहे. परंतु जात तीच. २००९ सालचे हरभऱ्याचे भाव तो आजही सांगतो. सकाळी ठरलेला भाव दुपारी त्यास सांगता येत नाही. "काका, गदगची गाडी आली का?" हा प्रश्न तो एका तासात तीनदा विचारतो, आणि तिन्ही वेळा आम्ही तो पहिल्यांदाच ऐकल्यासारखे उत्तर देतो. अपस्मार ह्या शब्दाचा मूळ अर्थच स्मृती निघून जाणे असा आहे. प्राचीन वैद्यांच्या मनात फेफऱ्यातील बेशुद्धी होती. आम्हांस तो शब्द आता निराळाच ऐकू येतो.

अर्थात प्रत्येक लांबलेल्या फेफऱ्याचा शेवट असा होतो असे नाही. लहान मुलांचा मेंदू पुष्कळ सोसतो. तापातील दीर्घ आकडीनंतरही बहुतेक मुले बरी होतात. काहींच्या हिपोकॅम्पसला मात्र सूज येऊन पुढे तो आक्रसतो असे मेंदूच्या चुंबकीय चित्रांत आढळले आहे. वय, फेफऱ्याचा काळ आणि ते कशामुळे आले, या तिन्हींवर परिणाम अवलंबून असतो. मेंदूतील रक्तस्राव, मेंदूज्वर, डोक्यास मार, साखर फार उतरणे ही कारणे आहेत. पट्टकृमीची अंडी न धुतलेल्या भाजीतून पोटात जाऊन मेंदूत गाठी होतात, त्याही फेफरे आणतात. शाकाहारी घरांनी आपण त्यातून सुटलो असे समजू नये. परंतु मुळातच अपस्मार असलेल्या माणसास असे दीर्घ फेफरे येण्याचे एक अगदी नित्याचे कारण म्हणजे गोळ्या एकाएकी बंद करणे. मेंदूला त्या आधाराची सवय झालेली असते. तो अचानक काढला की आवर सैल पडतो. त्यात उपवास व जागरण आले म्हणजे भर पडते.

व्रतांबद्दल आम्ही काही सांगावे एवढी आमची योग्यता नाही. व्यवहाराचे तेवढे सांगतो. पर्वापूर्वी महिनाभर डॉक्टरांकडे जाऊन गोळ्यांच्या वेळा सूर्योदयानंतर व सूर्यास्तापूर्वी बसविता येतील काय, हे विचारावे. हळूहळू विरघळणाऱ्या, दिवसातून एकदाच घ्यावयाच्या गोळ्याही अनेक औषधांत मिळतात. त्या आपल्या रुग्णास चालतील की नाही हे डॉक्टरच सांगतील. निर्जळ उपवास करू नये असे त्यांनी म्हटले तर आपल्या मुनिमहाराजांपुढे ते सरळ मांडावे. आम्ही पुढील वर्षी मांडले. रुग्णाने औषध सोडून असा उपवास करू नये, असेच उत्तर मिळाले. एका प्रश्नाचे काम होते.

फेफरे आल्यावर काय करावे? प्रथम घड्याळ पाहावे. रोग्यास कुशीवर वळवावे, डोक्याखाली घडी केलेले वस्त्र ठेवावे, गळ्याजवळचे कपडे सैल करावे, आसपासची टोकदार वस्तू दूर करावी. हातपाय दाबून धरू नयेत. तोंडात चमचा, बोट, पाणी, औषध, काहीही घालू नये. कांदा, वहाण, लोखंड यांनी काही होत नाही. केवळ मिनिटे जातात. पाच मिनिटे झाली, किंवा शुद्ध न येता दुसरे फेफरे आले, किंवा आयुष्यातील पहिलेच असले, किंवा स्त्री गरोदर असली, तर १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. ज्यांस हा आजार आहे त्यांच्या डॉक्टरांनी लिहून दिल्यास मिडाझोलामचा नाकात मारावयाचा फवारा घरी ठेवता येतो. मात्रा वजनावर असते व अधिक झाल्यास श्वास मंदावतो, म्हणून ती डॉक्टरांकडूनच ठरवून घ्यावी व देण्याची रीत घरातील दोघांतिघांनी शिकून ठेवावी. कोणते इस्पितळ रात्री-अपरात्री हा उपचार करते याचीही चौकशी आधीच केलेली बरी. आम्ही ती वाटेत केली.

हा लेख छापण्यास पुतण्याची अनुमती आम्ही घेतली आहे. ती त्याने दोनदा दिली. पहिली दिल्याचे त्यास स्मरत नव्हते. तो आता वजनकाट्यावर बसतो व प्रत्येक गाडीची नोंद खिशातील वहीत स्वतःच्या हाताने करतो. पेढीच्या गल्ल्यात, डाव्या कप्प्यात, त्याचा फवारा असतो. वर समोर मोठे घड्याळ लावले आहे. सर्व हमालांना तो कप्पा दाखविला आहे. फवाऱ्याची मुदत गेल्या फाल्गुनात संपली, तेव्हा नवा आणण्याची आठवण त्यानेच आम्हांस करून दिली. तारीख त्याच्या वहीत होती.